पेटी उघडण्याआधी: ऑनलाइन गेममधील लूट न्यायाने कशी वाटावी

मागच्या वर्षी मे महिन्यातल्या एका रात्री आमच्या नागपूरच्या गटातील दहा जणांनी अडीच तास झुंजून एक बॉस, म्हणजे गेममधला बलाढ्य शत्रू, पाडला आणि त्यानंतरच्या पाच मिनिटांत गटात फूट पडली. मिळालेली वस्तू एकच होती, एक ढाल, आणि ती हवी असणारे तिघे होते: बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीने काम करणारा आमचा टँक (पुढे राहून शत्रूचे वार झेलणारा), नंदनवनात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा एक मुलगा, आणि माझा मावसभाऊ. गटप्रमुख मी होतो, वाटपाचा अधिकार माझ्याकडे होता आणि नियम मात्र कोणताही ठरलेला नव्हता. मी ढाल मावसभावाला दिली. त्याची जुनी ढाल तिघांत सर्वांत कमकुवत होती, म्हणून नव्या ढालीचा फायदा त्यालाच सर्वाधिक होणार होता, आणि हा हिशेब खरोखरच बरोबर होता. पण तो मी ढाल पडल्यानंतर सांगितला. टँक एवढेच म्हणाला, "तुमचं घरचंच आहे ना भाऊ, ठेवा," आणि व्हॉइस चॅट सोडून गेला. पुढचे दोन महिने तो आला नाही.

त्या रात्रीनंतर आम्ही वाटपाची पद्धत मुळापासून ठरवली, आणि पुढील सर्व सूचना त्या अनुभवातून आलेल्या आहेत. वस्तू पडण्याआधी सांगितलेला साधा नियमसुद्धा लोक मान्य करतात, कारण तेव्हा तो कोणाच्या फायद्याचा ठरेल हे कोणालाच ठाऊक नसते. वस्तू पडल्यानंतर सांगितलेले उत्तम कारणसुद्धा सबबीसारखे ऐकू येते. म्हणून खाली ज्या पायऱ्या दिल्या आहेत, त्यांपैकी निम्म्याहून अधिक काम लढाई सुरू होण्यापूर्वीचे आहे.

गेम स्वतः काय करतो ते आधी पाहावे

वाटणीचा प्रश्न प्रत्येक गेममध्ये येत नाही. २००० साली आलेल्या डायब्लो २ मध्ये वस्तू सर्वांसमोर जमिनीवर पडे आणि ज्याचे क्लिक आधी, त्याची ती होई. २०१२ च्या डायब्लो ३ मध्ये प्रत्येक खेळाडूला केवळ स्वतःच्या वाट्याचीच लूट दिसते. सी ऑफ थीव्ह्जमध्ये पेटी कोणीही विकली तरी सोने त्या जहाजावरील सर्व खलाशांना मिळते. पाथ ऑफ एक्झाइलमध्ये वस्तू सर्वांना खुली ठेवायची, थोडा वेळ एकासाठी राखायची की कायमची राखायची, हे पार्टीसाठी निवडता येते. बॉर्डरलँड्स ३ मध्येही सामायिक आणि स्वतंत्र लुटीचे दोन पर्याय आहेत. त्यामुळे खेळ सुरू करण्यापूर्वी सेटिंगमध्ये जाऊन कोणता पर्याय निवडलेला आहे ते प्रत्यक्ष पाहावे आणि सर्वांना मोठ्याने सांगावे.

जुन्या आठवणीवर विसंबून राहू नये. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये अनेक वर्षे एका व्यक्तीच्या हाती सर्व वाटप देण्याची सोय होती. २०१८ च्या आवृत्तीत ती काढून प्रत्येकाला वैयक्तिक लूट देण्यात आली आणि २०२२ च्या ड्रॅगनफ्लाइट आवृत्तीत रेडपुरती (म्हणजे अनेकांनी मिळून खेळायच्या मोठ्या मोहिमेपुरती) रोलवर, म्हणजे आकडा पाडण्यावर, आधारित सामूहिक पद्धत परत आली. मध्ये काही वर्षे खंड पडलेला खेळाडू जुना नियम गृहीत धरून वागतो आणि इतरांना तो हावरट वाटतो, वास्तविक त्याला केवळ बदल माहीत नसतो.

पद्धत निवडणे

येथे मात्र घाई करू नये, कारण बहुतेक भांडणांचे मूळ स्वभावात नसून चुकीच्या पद्धतीत असते.

सर्वांत प्रचलित पद्धत रोलची आहे. ज्यांना वस्तू हवी त्यांनी १ ते १०० मधील आकडा पाडायचा आणि सर्वांत मोठ्या आकड्याने वस्तू न्यायची. त्यापूर्वी ‘नीड’, ‘ग्रीड’ आणि ‘पास’ असे तीन पर्याय असतात: वस्तू आपल्या पात्राला आत्ता वापरायची असेल तर नीड, विकण्यासाठी किंवा दुसऱ्या पात्रासाठी हवी असेल तर ग्रीड, नको असेल तर पास. नीडचा अर्थ मात्र प्रत्येक गट वेगळा लावतो, म्हणून तो शब्दांत लिहून ठेवावा. आमच्याकडे त्याची व्याख्या अशी आहे: ‘या रात्री ज्या भूमिकेत आपण खेळत आहोत, त्याच भूमिकेसाठी आणि अंगावरील वस्तूपेक्षा सरस.’ हीलर (जखमा भरणारा) म्हणून आलेल्याने डीपीएसची (मुख्यतः हल्ला करणाऱ्याची) तलवार मागायची असेल, तर डीपीएस म्हणून आलेल्या सर्वांनी पास केल्यावरच मागावी.

रोल निःपक्षपाती असतो, परंतु थोड्या काळात तो समान वाटणी करत नाही, हे आकड्यांवरून पाहण्यासारखे आहे. पाच जण आहेत, पाच वस्तू पडल्या आणि प्रत्येक वस्तूसाठी पाचही जण रोल करत आहेत असे समजू. एखाद्या विशिष्ट खेळाडूला पाचही वेळा काहीच न मिळण्याची शक्यता सुमारे ३३ टक्के आहे, म्हणजे तीन रात्रींपैकी जवळपास एक रात्र त्याची रिकामी जाईल. आणि पाचही जणांना बरोबर एकेक वस्तू मिळण्याची शक्यता ४ टक्क्यांहूनही कमी आहे. सलग तीन शनिवार रिकाम्या हाताने परतलेला माणूस चिडला, तर त्याला खेळाडू वृत्ती नाही असे म्हणणे चुकीचे आहे. यावर सोपा उपाय असा की, त्या रात्री नीडवर एक वस्तू जिंकलेल्या व्यक्तीने पुढच्या वस्तूंसाठी, इतर कोणाला गरज असेपर्यंत, मागे थांबावे. पाच-सहा जणांच्या गटाला एवढा एक नियम पुरतो. त्यांना गुणांच्या तक्त्याची आवश्यकता नाही.

दहा ते पंचवीस जणांच्या साप्ताहिक गटासाठी मला राखीव पद्धत सर्वांत योग्य वाटते. रेड सुरू होण्याआधी प्रत्येकाने एक किंवा दोन वस्तूंची नावे सामायिक तक्त्यात लिहायची. ती वस्तू पडली तर ज्यांनी ती राखली आहे तेवढ्यांमध्येच रोल होतो, आणि कोणीही न राखलेल्या वस्तू साध्या रोलने जातात. या पद्धतीत प्रत्येकाला निवड करावी लागते. सर्वांना हवी असणारी प्रसिद्ध तलवार राखली, तर आठ जणांशी स्पर्धा करावी लागेल. कमी नावाजलेले हातमोजे राखले, तर कदाचित ते आपोआप पदरात पडतील. तक्ता सर्वांना दिसत असल्यामुळे रोल करताना कोणालाही आश्चर्याचा धक्का बसत नाही. तक्ता पहिल्या बॉसपूर्वी बंद करावा आणि त्यानंतर गटप्रमुखानेसुद्धा त्यात बदल करू नये.

कायमस्वरूपी गिल्डसाठी, म्हणजे खेळाडूंच्या कायम संघासाठी, गुणांची पद्धत उपयोगी पडते. तिचा उगम १९९९ साली आलेल्या एव्हरक्वेस्ट या गेममध्ये आहे. त्यातील आफ्टरलाइफ नावाच्या गिल्डने ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’ म्हणजेच डीकेपी ही पद्धत घडवली आणि नावातील ड्रॅगन म्हणजे त्या गेममधील लेडी व्हॉक्स व लॉर्ड नागाफेन हे दोन बॉस होत. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या सुरुवातीच्या काळात ४० जणांच्या रेडमध्ये एका बॉसकडून मोजक्याच वस्तू मिळत, त्यामुळे ही पद्धत तेथे झपाट्याने पसरली. हजेरीसाठी गुण मिळतात आणि वस्तू घेताना ते खर्च होतात. तिचा दोष असा की जुने सदस्य गुण साठवत राहतात आणि नवा सदस्य कितीही नियमित आला तरी महिनोनमहिने त्यांच्या मागेच राहतो. म्हणून दर आठवड्याला सर्वांच्या शिल्लक गुणांतून ठरावीक टक्के, समजा १० टक्के, कमी करावेत. त्यामुळे साठेबाजी आपोआप मंदावते. दुसरा मार्ग गुणोत्तराचा आहे: मेहनतीचे गुण भागिले घेतलेल्या वस्तूंचे गुण. ३०० मेहनत आणि १०० घेतलेले असा सदस्य ३ वर असतो, तर २०० मेहनत आणि ५० घेतलेले असा सदस्य ४ वर, आणि पुढची वस्तू दुसऱ्याला मिळते. कमी दिवस येऊनही ज्याने फारसे काही घेतलेले नाही, त्याला यात मान राहतो.

लूट कौन्सिल, म्हणजे तीन-चार जाणत्यांनी मिळून निर्णय घेण्याची पद्धत, गटाची ताकद वाढवण्याच्या दृष्टीने सर्वांत प्रभावी आहे. आमच्या ढालीच्या रात्री मी एकट्यानेच ते कौन्सिल चालवले होते. ही पद्धत वापरायचीच असेल तर दोन अटी पाळाव्यात. ज्या सदस्याला स्वतःला, त्याच्या नातेवाइकाला किंवा जवळच्या मित्राला वस्तू हवी आहे, त्याने त्या निर्णयापुरते बाहेर व्हावे. आणि प्रत्येक निर्णयाचे एक वाक्याचे कारण लगेच लिहून सर्वांना दाखवावे. या दोन्ही अटी पाळायला गटाची तयारी नसेल, तर कौन्सिल नेमू नये.

काही ठिकाणी गेममधील सोन्याने बोली लावली जाते. लॉस्ट आर्कमध्ये जिंकणाऱ्याने दिलेले सोने उरलेल्या साथीदारांत समान वाटले जाते, आणि तेथे योग्य बोली किती हे गणिताने काढता येते. चौघांच्या गटात बाजारभावाने ४००० सोन्याची वस्तू पडली आणि विजेत्याने ३००० दिले, तर उरलेल्या तिघांना प्रत्येकी १००० मिळतात आणि विजेत्यालाही १००० चाच फायदा होतो. म्हणजे विकण्यासाठी घेतलेल्या वस्तूची समान वाटणीची बोली चौघांत किमतीच्या तीन चतुर्थांश आणि आठ जणांत सात अष्टमांश असते. बाजारात विकताना जाणारे शुल्क आधी वजा करावे. नवख्या साथीदाराला हे गणित ठाऊक नसेल तर ते सांगणे हा शिष्टाचाराचाच भाग आहे. मात्र या पद्धतीत खऱ्या रुपयांनी विकत घेतलेले सोने शिरण्याचा धोका असतो, आणि ते शिरले की मेहनत करणाऱ्याची जागा पैसेवाला घेतो. बोलीवर चालणाऱ्या अशा रेड वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या सीझन ऑफ डिस्कव्हरी या आवृत्तीमध्ये २०२४ साली बंदच करण्यात आल्या. आमच्या गटात रुपयांचा व्यवहार पूर्ण निषिद्ध आहे; बहुतेक गेमच्या नियमांनुसार त्यामुळे खातेही बंद होऊ शकते.

नियम सांगण्याची वेळ आणि शब्द

निवडलेली पद्धत निमंत्रणाच्या संदेशातच लिहावी, म्हणजे ज्याला ती मान्य नाही त्याला न येण्याची मोकळीक राहते. आमच्या ग्रुपवर दर शनिवारी दुपारी जातो तो संदेश साधारण असा असतो: ‘आज रात्री साडेनऊला. प्रत्येकी एक वस्तू राखीव, तक्ता साडेनऊला बंद. राखीव नसलेल्या वस्तूंसाठी मुख्य भूमिका आधी, एका रात्री एकच नीड. साहित्य आणि रेसिपी गिल्ड बँकेत. काही वस्तू आधीच कोणासाठी ठेवायची असेल तर ती आत्ताच लिहिलेली आहे: काहीही नाही.’ शेवटचे वाक्य मुद्दाम ठेवलेले आहे. एखादी दुर्मीळ वस्तू टँकसाठी राखायची असेल तर ते पूर्णपणे न्याय्य असू शकते, परंतु पाहुण्या खेळाडूंना ते लढाईनंतर कळणे हा सरळ विश्वासघात आहे.

नागपुरात व्हॉइस चॅटवर मराठी आणि हिंदी मिसळून बोलले जाते, त्यातच बाहेरगावचे दोन-तीन जण असले तर तोंडी सांगितलेले अर्धे कानावर पडतच नाही. त्यामुळे नियम तोंडी सांगितला तरी तो लेखी असायलाच हवा.

वस्तू पडल्यावरचे वागणे

लढाई पूर्ण संपेपर्यंत कोणीही पेटीला हात लावू नये. साथीदार जमिनीवर पडलेले असताना त्यांना उठवणे आधी आणि लूट नंतर. वस्तू दिसल्यावर ती मिळण्यास पात्र असणाऱ्या सर्वांना उत्तर देण्यास किमान अर्धा मिनिट द्यावा. जो हीलर अजून सर्वांच्या जखमा भरत आहे, त्याला रोलचे बटण दाबायला सर्वांत उशीर होतो आणि त्याच्या शांततेचा अर्थ ‘पास’ असा लावला जातो.

मागणी स्पष्ट असावी. "मले पायजे होतं, पन जाऊ द्या" असे म्हणून गप्प बसणारे बरेच जण आपल्याकडे आहेत, विशेषतः वयाने लहान किंवा गटात नव्याने आलेले. त्यांच्या संकोचाचा फायदा कोणी घेऊ नये आणि गटप्रमुखाने नाव घेऊन त्यांना विचारावे. दुसऱ्याने रोल जिंकल्यावर ‘तुला खरंच गरज आहे का’ असे विचारणे मात्र टाळावे. नियमात बसणारी मागणी असेल तर ती कोणालाही सिद्ध करावी लागू नये. जिंकलेली वस्तू स्वखुशीने पुढे देण्याचा अधिकार जिंकणाऱ्याचाच आहे, आणि त्याने ती न देण्यात काहीही गैर नाही.

वीज आणि नेट हा आपल्याकडचा वेगळा विषय आहे. उन्हाळ्यात कूलर आणि एसीच्या भारामुळे रात्री वीज जाते, राउटर बंद पडतो आणि खेळाडू नेमका बॉस पडताना बाहेर फेकला जातो. आमचा नियम असा आहे की, त्या बॉसवरील निम्म्याहून अधिक प्रयत्नांत जो हजर होता, त्याचा हक्क शाबूत राहतो. तो परतेपर्यंत दहा मिनिटे थांबायचे आणि तो न आल्यास त्याच्या राखीव वस्तूसाठी गटप्रमुखाने त्याच्या नावाने रोल करायचा. जिंकलेली वस्तू नंतर हस्तांतरित करता येते की नाही हे गेमवर अवलंबून असते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये त्या लढाईस पात्र असलेल्या साथीदाराला ती देण्यासाठी साधारण २ तासांची मुदत असते, म्हणून गेलेल्या खेळाडूला फोन करून बोलावणे हे कामही त्या मुदतीत उरकावे.

चौघांच्या स्क्वॉडमध्ये

बीजीएमआयसारख्या बॅटल रॉयालमध्ये, म्हणजे शेवटपर्यंत टिकणारा जिंकतो अशा गेममध्ये, थांबून रोल करण्यास वेळच नसतो, कारण शंभर जणांच्या सामन्यात शत्रू शेजारच्या घरात असू शकतो. त्यामुळे तेथे वाटप उडी मारण्याआधी विमानातच ठरवावे: कोण स्नायपर, कोण पुढे जाणार, कोणती बंदूक कोण वापरणार. दोघांनी एम४१६ आणि दोघांनी एकेएम घेतली की ५.५६ आणि ७.६२ गोळ्यांची वाटणी आपोआप होते, चौघेही ५.५६ वर असतील तर शेवटच्या वर्तुळात (आकसत जाणाऱ्या सुरक्षित जागेत) गोळ्यांवरून ओढाताण ठरलेली. एकेका घरात एकानेच शिरावे, आणि स्वतःला नको असलेली चांगली वस्तू तेथेच सोडून न देता तिच्यावर खूण करावी. एपेक्स लेजंड्समध्ये खूण केलेल्या वस्तूवर साथीदाराला आपला हक्क नोंदवता येतो; जेथे अशी सोय नाही तेथे "आठचा स्कोप माझा" असे एकदा बोलणे पुरते, आणि एकदा बोलून झाल्यावर इतरांनी ती उचलू नये.

उपचाराचे साहित्य मोजून वाटावे. एकाच्या बॅगेत सहा फर्स्ट एड आणि दुसऱ्याकडे एकही नाही, अशी अवस्था बहुधा कंजुषीमुळे नव्हे तर न विचारल्यामुळे येते. एअरड्रॉपमधील (विमानातून टाकलेल्या पेटीतील) एडब्ल्यूएम ही स्नायपर बंदूक ज्याचा नेम सर्वांत चांगला त्याने घ्यावी, कारण तिच्या गोळ्या मोजक्याच मिळतात. बदल्यात लेव्हल थ्री हेल्मेट पुढे जाणाऱ्याला द्यावे. मेलेल्या साथीदाराच्या क्रेटमधील (मागे उरलेल्या पेटीतील) वस्तू घेणे योग्यच आहे, मात्र तो पुन्हा खेळात परतू शकत असेल तर त्याला निदान एक बंदूक आणि थोड्या गोळ्या काढून ठेवाव्यात.

सामायिक जगात

माइनक्राफ्टच्या सर्व्हरवर प्रश्न वेगळा असतो, कारण तेथे वाटणी एका रात्रीची नसून महिनोनमहिने चालते. शिष्टाचार असा की, फॉर्च्यून ३ ची (एका खड्यातून जास्त माल देणाऱ्या मंत्राची) कुदळ नसताना सापडलेला हिरा खणू नये. त्या कुदळीने एका खड्यातून सरासरी २.२ हिरे निघतात, म्हणून जागा नोंदवून कुदळ असलेल्या साथीदाराला बोलवावे आणि वाटणी आधी बोलून घ्यावी. साथीदार मेल्यास त्याच्या जमिनीवर पडलेल्या वस्तू ५ मिनिटांनी नाहीशा होतात, तेव्हा त्या उचलून ठेवणे आणि जशाच्या तशा परत करणे हे कर्तव्य मानावे. एंड शिप या जहाजातील एलिट्रा (उडण्याचे पंख) जहाजागणिक एकच असते, त्यामुळे मोहिमेस निघण्यापूर्वी क्रम लावावा: पहिली एलिट्रा कोणाची, दुसरी कोणाची.

दोघांनीच लूट वाटायची असेल तर माझ्या आजोळी, काटोलकडे, संत्र्यांच्या वाट्यांसाठी चालणारी रीत उत्तम आहे. एकाने दोन ढीग लावायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा. ढीग लावणारा ते जीव ओतून समान करतो, आणि उचलणाऱ्याला तक्रारीस जागा उरत नाही.

नोंद, चूक आणि निरोप

शिवकाळात मुलूखगिरीला निघताना शिपायांजवळील वस्तूंची नोंद घेतली जाई, परतल्यावर झडती होई आणि लूट सरकारात जमा होई. आपल्याला एवढ्या कडकपणाची गरज नाही, पण तारीख, वस्तू, कोणाला मिळाली आणि कोणत्या नियमाने, हे चार रकाने भरायला रात्री दोन मिनिटे लागतात. ‘त्यालाच नेहमी मिळतं’ ही तक्रार आली की तक्ता उघडावा. आमच्या तक्त्याने एकदा ती तक्रार खोटी ठरवली आणि एकदा अगदी खरी ठरवली. दुसऱ्या वेळी आम्ही नियम बदलला.

चुकून नीड दाबले गेले, तर लगेच सांगून वस्तू परत द्यावी आणि इतरांनी विषय तेथेच संपवावा. जाणूनबुजून वस्तू घेऊन निघून गेलेल्याच्या मागे सार्वजनिक शिवीगाळ करत फिरू नये. त्याला पुढच्या वेळी बोलावू नये आणि गेमच्या नियमांचा भंग झाला असेल तरच अधिकृत तक्रार करावी. चूक गटप्रमुखाची असेल तर माफी सर्वांसमोर मागावी. मी टँकला आधी खासगीत फोन केला, तेव्हा तो बोलला पण आला नाही. ग्रुपवर सर्वांच्या देखत लिहिल्यानंतर तिसऱ्या दिवशी आला.

गट सोडून जाणाऱ्या सदस्याने अंगावर मिळवलेल्या वस्तू स्वतःच्याच समजाव्यात, त्या परत मागणे अन्यायाचे आहे. गिल्ड बँकेतील साहित्य मात्र गटाचे असते, आणि तिचा अधिकार नेहमी किमान दोघांकडे असावा, म्हणजे एक जण परीक्षेसाठी सहा महिने दिसेनासा झाला तरी दुसऱ्याला पेटी उघडता येईल. जाणाऱ्याच्या नावावर शिल्लक असलेले गुण तीन महिने गोठवून ठेवावेत आणि ती मुदत त्याला निरोपाच्या संदेशातच कळवावी.